मावशीच्या दारात आलेल्या सगळ्यांचे आभार

आमच्या मावशीच्या पुण्यातल्या दोन खोल्यांत मांजरं नेमकी किती, हे तिलाही सांगता येत नव्हतं. सोसायटीच्या नोटिसा तशाच पडून होत्या. तेव्हा जी माणसं धावून आली, त्यांनी नावं छापायला साफ नकार दिला. म्हणून हे बिननावाचे आभार.

सगळ्यात आधी त्या ताईंचे, ज्या पहिल्या दिवशी पिंजरे न घेता आल्या. मुताच्या अमोनियाने डोळे चुरचुरत होते, तरी नाकाला पदर न लावता त्या मावशीशेजारी बसल्या आणि एकेका मांजराचं नाव विचारत गेल्या. नावं मावशीला पाठ होती. डोळे चिकटलेली पिल्लं मात्र तिला दिसतच नव्हती. साठवणुकीच्या विकाराला, म्हणजे गरज नसताना गोळा करत राहण्याच्या आजाराला, २०१३ साली डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली, प्राणी साठवणं हे त्याचंच एक रूप मानतात, हे त्यांनीच आम्हाला समजावलं. तोवर नातेवाईक ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. काही अजूनही होतात.

नसबंदी करणारे डॉक्टर, कानातली खरूज साफ करणारी कॉलेजची पोरं, पिल्लं घेऊन गेलेली कुटुंबं, सगळ्यांचे मनापासून आभार. सगळीच मांजरं एकदम नेली तर माणूस पुन्हा गोळा करू लागतो, म्हणून दोन तिच्याकडेच ठेवायला सांगणाऱ्या समुपदेशक बाईंचे तर विशेष.

डॉक्टर, मावशीकडे राहिलेल्या त्या दोन मांजरांच्या पुढच्या लशीचे पैसे मात्र घ्यावेच लागतील.