अण्णा, तो नट आतच होता

अण्णा, नमस्कार. फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बरं बरं, ठेव आता" म्हणून कट करता. म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय.

झालं काय, तर मोहोळकडं आमची डाळिंबाची बाग, मृग बहार धरलेला, फळं लिंबाएवढी, तीन दिवस झड लागून नुकतीच उघडीप झालेली. असल्या पावसानंतर तेल्या रोगाची लय धास्ती, फवारणी लगेच व्हायला पाहिजे, आणि नेमकं तेव्हाच फवारणीचं पेट्रोल इंजिन दोरी ओढून ओढून खांदा गेला तरी चालू होईना. प्लग काढला, पुसायला वाकलो, अन् शर्टाच्या खिशातला एक बारका नट पडला. टक्क आवाज आणि गायब. प्लगच्या भोकात गेला का चिखलात, काय कळेना. मी आणि गडी अर्धा तास गुडघ्यावर बसून चिखल चाळतोय. एका गॅरेजवाल्यानं तर फोनवरच निकाल दिला, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवायला लागतंय, गॅस्केट नवीन, चार दिवस.

मग तुम्हाला फोन केला. तुमचा पहिलाच प्रश्न, "नट पडल्यावर दोरी ओढलास काय?" नाही म्हटल्यावर तुम्ही सुस्कारा सोडलात तो मला इकडं ऐकू आला. "मग आता हात लावू नको, भोकात स्वच्छ चिंधी कोंब आणि घेऊन ये." इंजिन गाडीच्या मागं बांधून अशोक चौकात तुमच्या दारात आणलं.

नातवानं मागवून दिलेला, फोनला जोडून भोकात घालून बघायचा तो वायरीचा कॅमेरा तुम्ही काढलात तेव्हा खरं सांगू का, मला वाटलं हे पोरांचं खेळणं. साडेपाच मिलिमीटरचा तो, प्लगचं भोक 14 चं, आरामात गेला. आधी स्क्रीन काळी, कारण माझ्या फोनचं ओटीजी, म्हणजे बाहेरची वस्तू जोडायची सेटिंग, बंद. मग सगळं पांढरं फटक, लाईट फुल होती म्हणून. चाक फिरवून लाईट कमी केलीत, कॅमेऱ्याचं तोंड धोतराला पुसलंत, आणि मग दिसलं! पिस्टनचा माथा करपलेल्या तव्यागत काळा, बाजूला सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे कारखान्यात घासून पाडलेल्या, तिरप्या बारीक रेघा, आणि पार कडेला भिंतीला टेकून माझा नट चमकतोय. मी ओरडलोच. काकू चहा टाकायचा सोडून बाहेर आल्या.

कॅमेऱ्यासोबत आलेला बारका आरसा मी लावायला निघालो तर तुम्ही हातावर चापट मारलीत, "तो निसटून आत पडला म्हणजे एकाचे दोन." हे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

चुंबकाची कांडी घातली तर ती नटाकडं जायचं सोडून लोखंडी लायनरलाच, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीलाच, जाऊन चिकटायची. तीनदा. मग तुम्ही प्लास्टिकच्या नळीचा तुकडा कापून कांडीवर चढवलात, नुसतं टोक उघडं ठेवलंत, एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात कांडी, आणि माझं काम काय तर फोन धरायचा आणि श्वास रोखायचा. चौथ्या वेळी नट आला. नट काढल्यावरही तुम्ही परत कॅमेरा घालून सगळा कोपरा न् कोपरा बघितलात, दोन बारीक उभ्या चरा दाखवल्यात आणि मला झापलंत, कारण ती धूळ माझ्यामुळंच आत गेलेली. मी दोन महिने फाटक्या फिल्टरवर इंजिन चालवत होतो. आता नवीन स्पंज फिल्टर घातलाय, धुऊन, तेलाचा हात फिरवून. जुना प्लग पण खलास होता, नवीन टाकल्यावर दुसऱ्या ओढीला इंजिन चालू.

"एसटीच्या वर्कशॉपात आमच्या वेळी असलं काय नव्हतं बघ, शंका आली की खोल," म्हणत तुम्ही हात धुतलेत आणि पैशाचा विषय काढला तर माझ्याकडं असं बघितलंत की मी पाकीट परत खिशात घातलं. त्याच दिवशी संध्याकाळी आमची फवारणी झाली अण्णा, बॅटरीच्या उजेडात शेवटच्या ओळी उरकल्या.

तो नट तुमच्या कट्ट्यावरच राहिलाय, राहू दे. फळं तोडणीला आली की पेटी घेऊन येतो. नको म्हणायचं नाही, काकूंना आधीच सांगून ठेवलंय. आणि हो, त्या दिवसापासून शर्टाच्या खिशात फक्त चष्मा.

तुमचा,
चिखल चाळणारा