रेडिएशनवाल्या डॉक्टर मॅडमचे आभार

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यापायी बाबांना तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशननंतर नागपूरला रेडिएशनचे 30 शेक, आठवड्यातून पाच दिवस. पहिल्याच दिवशी डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावरचा जाळीचा मास्क टेबलाला फिट केला तसे बाबा घाबरले, म्हणे मले गावी ने, नाही लागत शेक. डॉक्टर मॅडम ओपीडी सोडून आल्या, एमबीबीएसवर तीन वर्षं एमडी केलेली बाई, पण स्टुलावर बसून मास्क बाबांच्या हातात दिला अन् म्हणाल्या, काका, हात वर केला की मशीन थांबवतो, आम्ही बाहेर स्क्रीनवर पाहतोच. (एकदा खरंच थांबवली.) मधात एसटी चुकली तर खंड नको म्हणून संध्याकाळी शेवटचा नंबर लावून दिला. मॅडम, टेक्निशियन दादा, खूप धन्यवाद. बाबा आता भाकर दुधात कुस्करून खातात.