वेंगुर्ल्याच्या घराबद्दल, शरदला

पुणे, १८ सप्टेंबर

प्रिय शरद,

वेंगुर्ल्याच्या जुन्या घराचं हॉटेल करण्यासाठी काढलेले नकाशे आणि सोबतची रंगीत चित्रं पोचली. आठ खोल्या, समुद्राकडे जमिनीपासून वरपर्यंत काच, प्रत्येक पलंगामागे भिंतभर चित्रकथी, न्हाणीघरात गंजिफाच्या, म्हणजे सावंतवाडीच्या जुन्या गोल पत्त्यांच्या, छापील टाइल्स. तुझ्या डिझायनरने मेहनत घेतली आहे, पण हे घर त्याने जानेवारीत काढलेलं दिसतंय. जुलै त्यात कुठेच नाही. तेव्हा मी उलट्या टोकाने सुरुवात करतो.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २०१९च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग आहेत. २०११च्या जनगणनेप्रमाणे जिथे दर चौरस किलोमीटरला २१६१हून जास्त वस्ती आहे, तिथे भरतीरेषेपासून ५० मीटर बांधकामबंदी. बाकी ठिकाणी २०० मीटर. ही रेषा मंजूर नकाशावरची असते, आज पाणी जिथपर्यंत येतं तिथली नव्हे. घर या पट्ट्यात येत असेल तर जुन्या अधिकृत घराची डागडुजी, फार तर पुनर्बांधणी करता येते, पण जोतं वाढवता येत नाही. तुझ्या नकाशात पश्चिमेचा डेक जोत्याबाहेर गेलाय. तो आत्ताच खोड.

आणि खोल्या सहाच कर. कारण पाणी. हॉटेलसाठी माणशी रोज १८० लिटर धरतात, म्हणजे सहा खोल्यांच्या बारा माणसांना २१६० लिटर. चादरींची धुलाई आणि स्वयंपाक वेगळा. किनाऱ्याजवळच्या विहिरीत उपसा वाढला की मे महिन्यात खारं पाणी आत सरकतं. आता श्रावणानंतर तपासलंस तर पाणी गोडच निघेल. क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि ते मे महिन्याच्या नमुन्यात बघायचं. शोषखड्डा विहिरीपासून किमान ५० फूट ठेवतात. जांभा सच्छिद्र असतो, म्हणून जागा आहे तेवढा आणखी लांब ने.

आता भिंती. जांभ्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नकोस, कंत्राटदार कितीही म्हणाला तरी. जोत्यातून वर चढलेली ओल जांभ्याच्या भिंतीतून हळूहळू बाहेर पडते. सिमेंट तिला अडवतं, पाण्यातलं मीठ गिलाव्यामागे साठतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. बाहेरून जांभ्याचा चिरा उघडाच ठेव, सांधे चुन्याने भर. आतून चुन्याचा गिलावा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, थर १२ मिलिमीटरचा. चुना किमान तीन आठवडे मुरू दे. न फुटलेला खडा राहिला की तो पुढे भिंतीत फुलतो आणि देवीच्या वणासारखे खड्डे पडतात. चुना हवेतून कडक होतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपव.

जमिनीला डिझायनरने पॉलिश केलेला ग्रॅनाइट दाखवलाय. ओल्या पायांनी माणसं आपटतील. लाल कोबा कर. वरच्या थरात रेड ऑक्साइड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच, त्यापुढे थर कच्चा राहतो. चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या घाल, म्हणजे पडणारी चीर पट्टीच्या रेषेत पडते. दहा दिवस पाणी मार, पण गोडं. खारं पाणी मारलंस तर पांढरा लोणा येतो आणि पाहुण्यांना वाटतं, झाडलंच नाहीये.

छप्पर मंगलोरी कौलांचंच ठेव. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं धर, वर दहा टक्के राखीव. पश्चिमेची वळचण तीन फूट बाहेर काढ, आणि काचेच्या जागी खोल पडवी दे. पावसाळ्यात तिला नारळाच्या झापांच्या झडी, म्हणजे आडोशाचे पडदे, बांधता येतात. हे तुमच्याकडचं शहाणपण मी पुण्याहून सांगतोय, हसू नकोस. एसी हवाच असेल तर आधी कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी. नाहीतर थंड हवा कौलांच्या फटींतून निघून जाते आणि तू समुद्र गार करत बसतोस. बाहेरचं यंत्र पूर्वेला, वाऱ्याच्या आडोशाला. खारवट वाऱ्यात त्याच्या जाळीच्या पात्या खातात, म्हणून दर महिन्याला गोड्या पाण्याने धुवायची. स्क्रू-बिजागऱ्या पितळी, नाहीतर ३१६ ग्रेडच्या स्टीलच्या. ३०४वर तिथे तांबूस डाग पडतात. गाद्या काथ्या-लॅटेक्सच्या, स्प्रिंगच्या नकोत.

न्हाणीघरं जुन्या लाकडी सांगाड्यात कोंबू नकोस. मागच्या पडवीत, जोत्याच्या आतच, स्वतंत्र पक्क्या बांधणीची कर. टाइल्स लावण्याआधी तळात पाणी साचवून ४८ तास ठेव. खाली ओल दिसली तर दुरुस्त करून पुन्हा ४८ तास.

दारांसाठी इथे भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये उतरवलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. त्यातले खिळे आधी काढून घे, नाहीतर रंधा जातो. पुण्यात मात्र दारं बनवून घेऊ नकोस. इथल्या कोरड्या हवेत चपखल बसलेलं दार वेंगुर्ल्यात जूनमध्ये फुगून उघडायचं बंद होतं. लाकूड तिकडे नेऊन, मध्ये पट्ट्या घालून, महिनाभर रचून ठेव. मग दारं कर आणि चौकटीत तीन-चार मिलिमीटर फट सोड. दिव्यांच्या टोप्या कसब्यातल्या तांबट आळीतून मठारकामाच्या, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेल्या, घेता येतील. तांबं काळवंडणार, हिरवटणार. ते आवडत असेल तरच घे. रोज चिंच-मीठ घेऊन बसणारा माणूस तुला परवडायचा नाही.

आता ज्यासाठी तू हे सगळं मांडलंयस ते.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींची चित्रकथी ही भिंतीवरची कला नाहीच. कागदावरची चित्रं, त्यांची पोथी, एकेक चित्र पुढे धरून सांगितलेली रामायण-महाभारतातली कथा. पलंगामागे वाढवून छापलंस तर ते नुसतं वॉलपेपर होतं, आणि ज्याची रेघ आहे त्याला दमडी मिळत नाही. पिंगुळीच्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती या परंपरेला जिवंत ठेवल्याबद्दल. तेव्हा मूळ चित्रं विकत घे, थोडीच घे, आणि माजघरात लाव. एसीच्या खोलीत नको: एसी दिवसा बंद, रात्री चालू, त्यात काचेच्या आत दव धरतं. आर्द्रता ७० टक्क्यांवर टिकली की कागदाला बुरशी येते. काच आणि कागद यांत पाच मिलिमीटर अंतर, आम्लविरहित पुठ्ठा, आणि फ्रेमच्या चारही कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यामधून वारा खेळतो. पश्चिमेच्या भिंतीवर एकही नको. हॉटेलाच्या छापील कागदांवर चित्र वापरायचं असेल तर त्याचा वेगळा लेखी करार आणि वेगळे पैसे.

गंजिफाचं तुझ्या टाइल्सपेक्षा बरं सुचतंय. दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकात बारा पानं, राजा आणि प्रधान धरून, एकूण १२०. सहा खोल्यांना मत्स्य, कूर्म, वराह अशी ओळीने सहा नावं दे आणि किल्लीला सावंतवाडीच्या लाखकामातली गोल लाकडी चकती लाव, वर त्या रंगाची खूण. खरी पानं दिवाणखान्यात खेळायला ठेव, पण हाती देताना हात कोरडे बघ. ती कापडावर चिंचोक्याची खळ देऊन केलेली असतात. आणि सफाईवाल्यांना पहिल्याच दिवशी बजाव: सॅनिटायझर आणि फवारे लाखेवर चालत नाहीत. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, चकती चिकट होते, आणि दोष कारागिराला लागतो. चकत्या हाताने रंगवायच्या, तेव्हा मागणी आत्ताच नोंदव, उद्घाटनाच्या आदल्या महिन्यात नको.

दशावतारी नाटक अंगणात तासाभराचं बसवायचा विचार सोडून दे. जत्रेतला दहिकालो, म्हणजे हेच नाटक, रात्रभर चालतो. गावोगावच्या जत्रांच्या तारखा एका फळ्यावर लिही आणि पाहुण्यांना तिकडे ने. परतायला पहाट होईल, त्या दिवशी नाश्ता अकरापर्यंत ठेव.

काच रद्द केल्याचं डिझायनरला तूच कळव. सुधारलेला नकाशा आला की पडवीची उंची बघून सांगतो; वळचणीखाली साडेसहा फूट तरी उरले पाहिजेत.

तुझा,
मिलिंद