तोटीची दांडी घडवणाऱ्या काकांना

ती. काकांना सा. न. वि. वि.

पत्र चारचौघांसमोर लिहू का, असं फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिही की. चोरी केलीयास व्हय?" म्हणून लिहितोय.

गेली सहा वर्षं मी हिल्सबरोतल्या आमच्या गॅरेजमध्ये बिअर बनवतो. अमेरिकेतल्या ऑरेगनात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विलामेटच्या खोऱ्यात हॉप्सचे, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे, मळे आहेत, ऑगस्ट सरता सरता तोडणी सुरू झाली की ताजी हॉप्स मळ्यावरून घरी आणता येतात. आपल्या माणसांत मात्र हा विषय काढायला मी कचरायचो. कुणाचे आईवडील जेवायला येणार असले की केगवर, म्हणजे बिअरच्या पिंपावर, चादर पडायची. तुम्ही तर गळ्यात तुळशीची माळ घालणारे, लेकीकडे सहा महिन्यांसाठी आलेले. त्या सकाळी तुम्ही गॅरेजच्या उघड्या दारातून डोकावलात तेव्हा मी फरशी पुसत होतो, आणि चादर आत घरात होती.

रात्रीतून केग रिकामा झाला होता. एकोणीस लिटर. दळलेला माल्ट तासभर ६७ अंशांच्या पाण्यात धरायचा, गाळायचा, ते गाळलेलं पाणी हॉप्स घालून तासभर उकळायचं, २० अंशांपर्यंत निववून यीस्ट सोडायचं, मग दोन-तीन आठवडे वाट बघायची. एवढं सगळं करून ती बिअर फरशीवर पसरली होती, आणि मी केगची सीलं तपासत बसलो होतो. तुम्ही केगकडे बघितलंही नाहीत. तोटीकडे बघितलंत, मी हौसेनं बसवलेल्या अकरा इंची ओकच्या दांडीला एका बोटानं टेकलात, आणि म्हणालात, "वरनं जड हाय."

तोटी दांडी पुढे ओढली की उघडते. डोकं जड असलेली उंच दांडी जरा पुढे कलली, की तिच्या वजनानंच तोटी उघडते. सहा वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही कोल्हापूरच्या फाउंड्रीत चाळीस वर्षं ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी पॅटर्न घडवलेत, बीड ओतल्यावर फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं हे धरून माप वाढवत आलात. तुम्हाला ते दारातूनच दिसलं.

मग तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि विचारायला लागलात. हे इथं चालतं का? १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरापुरती बिअर बनवायला मुभा मिळाली, विकता मात्र येत नाही, हे सांगितल्यावर तुमचा चेहरा निवळला. माल्ट म्हणजे काय? मोड आणून वाळवलेला सातू, म्हटल्यावर तुम्ही चार दाणे तोंडात टाकलेत. "गोड लागतंय की. आमच्यात नाचणीचं असंच करत्यात." माझ्या छंदाबद्दल इतकं नीट, इतका वेळ आपल्या कुणी कधी विचारलं नव्हतं. काका, माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट ती होती.

दोन घरं पलीकडच्या गृहस्थांनी त्यांचा लाकडाचा लेथ वापरायला दिला. मी परसातल्या ताज्या तोडलेल्या मेपलची फांदी पुढे केली, ती तुम्ही बाजूला ठेवलीत. ओलं लाकूड पुढं पिळतं. दुकानातला सुका अक्रोड घेतलात, त्यावर बोटाची पेरं वाजवून. तोटीच्या आट्यांवर स्टीलची पट्टी धरून अर्ध्या इंचात आठ मोजलेत आणि सांगितलंत, "तीन सूत, इंचाला सोळा." त्याच मापाचा पितळी नट बुडाशी बसला. दांडी सात इंचांची, वरून आत कोरून हलकी केलेली, आणि अंगावर उसाच्या कांड्यासारखी तीन पेरं, ओल्या हातातून सटकू नये म्हणून. उरलेल्या फळीतून चार ग्लासांचा ट्रे केलात. ग्लासाच्या बुडापेक्षा भोक जेमतेम मोठं ठेवलंत; फार सैल असतं तर चालताना ग्लास वाजले असते.

दांडी बसवल्यावर पहिला ग्लास मी भरला. तुम्ही तो खिडकीशी उजेडात धरलात, फेस किती वेळ टिकतो ते बघितलंत, आणि तसाच माझ्या हातात परत दिलात. प्यायला नाहीत, पिऊ नकोस असंही म्हणाला नाहीत. "रंग चांगला आलाय," एवढंच.

आता केगवर चादर टाकत नाही. गेल्या महिन्यात मित्राची आई आली होती, तिनं दांडीवर हात फिरवून कुणी केली विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं, मग बिअरचंही सांगितलं.

दुसऱ्या तोटीसाठी तुम्ही अक्रोडाचा तुकडा कापून, पेरांच्या जागी पेन्सिलीच्या खुणा करून ठेवलाय. शेजारच्यांनी एकदा विचारलं, मी करून देऊ का? नको म्हटलं. तुम्ही आलात की लेथवर चढवू. काकूंना नमस्कार.

तुमचा,
गॅरेजवाला