विषय : घर व दुकानाच्या पूरविमा दाव्यांवरील निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
वाशी शाखा

महोदय,

सीबीडी बेलापूर येथील माझे तळमजल्यावरील घर आपल्याकडे ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीखाली आणि त्याच वसाहतीतील माझे वह्या-पुस्तकांचे दुकान ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीखाली विमा उतरवलेले आहे. जूनअखेरच्या अतिवृष्टीत दोन्ही ठिकाणी पाणी शिरले. आपण घराचा दावा पूर्णपणे फेटाळला आणि दुकानाच्या दाव्यातून रक्कम कापली. हे दोन्ही निर्णय पॉलिसीच्या अटींना धरून नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

घराबाबत आपल्या पत्रात म्हटले आहे की पाणी मोरीच्या जाळीतून वर आले, सबब हे सांडपाणी तुंबल्याने झालेले नुकसान असून तो पूर नव्हे. मोरीतून पाणी आले हे खरेच आहे. नुकसानीची पाहणी करायला आलेल्या आपल्या सर्व्हेअरना ती जागा मीच दाखवली. परंतु ते का आले, याचा विचार निर्णयात कुठेही दिसत नाही. बेलापूरचा बराचसा भाग खाडीलगतच्या सखल जमिनीवर भराव घालून वसवलेला आहे आणि म्हणूनच नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने येथे होल्डिंग पाँड म्हणून ओळखले जाणारे धारण तलाव बांधले. भरती आली की त्यांच्या झडपा बंद होतात. खाडीचे पाणी आत येत नाही, पण पावसाचे पाणीही बाहेर जाऊ शकत नाही आणि ओहोटी लागेपर्यंत ते तलावातच साठून राहते. या तलावांत गाळ साचल्याने त्यांची क्षमता घटली आहे, त्यामुळे जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाले व गटारे उलटी भरू लागतात. त्या दिवशी नेमके हेच घडले. रस्त्यावरचे पाणी उंबरा ओलांडून आत आले आणि तेच पाणी मोरीतूनही वर आले. कुंपणाच्या भिंतीवरची चिखलाची रेघ आणि आतल्या कपाटावरची रेघ एकाच उंचीवर आहेत. केवळ माझी मोरी तुंबली असती, तर संपूर्ण गल्लीतील मीटरपेट्या पाण्याखाली गेल्या नसत्या. सर्व्हेअरच्या छायाचित्रांत मात्र मोरीची जाळी जवळून टिपलेली आहे आणि भिंत एकाही छायाचित्रात नाही.

पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ यांच्यासोबत पूर आणि जलमय होणे हा धोका स्पष्टपणे समाविष्ट आहे. पाणी दारातून आले तर भरपाई आणि मोरीतून आले तर नाही, अशी अट मला माझ्या प्रतीत आढळली नाही. असल्यास ती कलम क्रमांकासह दाखवावी. विम्यात नुकसानीचे निकटचे कारण, म्हणजे ज्यामुळे ते मुळात घडून आले ते कारण, पाहिले जाते, आणि येथे ते कारण अतिवृष्टी आहे.

घरातील सामानाची यादी आधी दिलेली नव्हती, हा आपला दुसरा आक्षेपही टिकत नाही. या पॉलिसीत इमारतीचा विमा घेतल्यास त्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख रुपयांपर्यंत, सर्वसाधारण सामान आपोआप संरक्षित असते. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते, ते मी घेतलेले नाही आणि तशी मागणीही केलेली नाही.

दुकानात शाळा सुरू होण्याच्या दिवसांतला माल होता. खालच्या फळ्यांवरील वह्यांचे गठ्ठे भिजून इतके फुगले की सुतळ्या तुटल्या. सर्व्हेअरच्याच हिशोबाने दुकानातील मालाची किंमत 10 लाख, विमा 9 लाख आणि नुकसान 2 लाख रुपये होते. मालाच्या किमतीपेक्षा विमा कमी असल्याचे कारण देऊन त्याच प्रमाणात आपण 2 लाखांऐवजी 1 लाख 80 हजार रुपये मंजूर केले. परंतु या पॉलिसीत 15 टक्क्यांपर्यंतची तूट दुर्लक्षित करण्याची तरतूद आहे आणि माझी तूट 10 टक्के आहे, त्यामुळे ही कपात करता येत नाही. दुकान बंद राहिल्याने बुडालेले उत्पन्न या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी वेगळा विमा लागतो, याची मला कल्पना आहे. (पॉलिसी विकताना आपल्या एजंटने “सगळं कव्हर आहे” असे सांगितले होते, पण मी दावा त्याच्या शब्दावर नव्हे, छापील अटींवर करत आहे.)

विमा नियामकाच्या 2024 च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल नेमणुकीपासून 15 दिवसांत आणि त्यानंतर कंपनीचा निर्णय 7 दिवसांत होणे अपेक्षित आहे. माझ्या बाबतीत दोन्ही मुदती उलटून गेल्या आणि अहवालाची प्रत लेखी मागूनही मिळालेली नाही.

तरी घराच्या दाव्याची फेरतपासणी भिंतीवरील खुणांसह करावी, दुकानाच्या दाव्यातून कापलेले 20 हजार रुपये द्यावेत आणि दोन्ही सर्व्हे अहवालांच्या प्रती पाठवाव्यात. एका महिन्यात समाधानकारक उत्तर न आल्यास मी विमा लोकपालांकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही पॉलिसींच्या प्रती, मालखरेदीची बिले आणि भिंतीवरील रेघेची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. भिंत अद्याप रंगवलेली नाही. पाहणीसाठी कोणत्याही कामाच्या दिवशी यावे, आदल्या दिवशी कळवावे.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई