पायाला सुरकुत्या पडेपर्यंत

लीड्स,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरा आहे. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण आई आधी पहिली ओळ वाचते आणि मग चष्मा शोधायला जाते.

फोनवर हे सगळं सांगून होत नाही. बाबा दुसऱ्या वाक्याला अडवतात, आई तिसऱ्याला रडते, आणि मागून चिऊ "दादा, पाय दाखव" म्हणून ओरडत असते. म्हणून बसून लिहितोय. मोठ्या अक्षरात पाठवलंय, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणा.

पडलो कसा ते आता तिसऱ्यांदा सांगत नाही. शेजारच्या आजींची पन्हाळ पानांनी तुंबली होती, मी चढलो, शिडी सरकली. "लोकांच्या पन्हाळी साफ करायला विलायतेला गेलास का" हे आईचं वाक्य मला पाठ झालंय.

तुमचा राग दोन गोष्टींवर आहे. मी १ तारखेला पडलो आणि तुम्हाला १० तारखेला सांगितलं, ही एक. ती माझी चूक. दुसरी अशी की १२ तारखेच्या ऑपरेशनपर्यंत "नुसतं झोपवून ठेवलं, इंदूरच्या एम.वाय. हॉस्पिटलमध्येसुद्धा इतके दिवस ठेवत नाहीत." बाबा, इथे मात्र तुम्ही चुकताय. (हे वाक्य लिहायला तीस वर्षं लागली.)

नुसतं झोपवलं नव्हतं. नडगीचं मोठं हाड घोट्यापाशी जिथे संपतं, तिथे त्याचे तुकडे झाले होते. दुसऱ्याच दिवशी भूल देऊन पाय ताणून सरळ केला आणि बाहेरून सळ्या बसवल्या: नडगीत दोन, टाचेतून आरपार एक, आणि त्यांना धरणारे दांडे. चिऊने व्हिडिओवर पाहून "मचाण" म्हटलं ते हेच. बाबा, तुम्ही ते सेंटरिंग समजा. सेंटरिंग लागल्यावर मग स्कॅन काढला आणि कुठला तुकडा कुठे बसवायचा ते ठरवलं. स्लॅब नंतर.

नंतर का, तर सुजेमुळे. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत दुधी भोपळ्यासारखा होता आणि घोट्याभोवती फोड आले होते. काहींत पाणी, दोनांत रक्त. रक्ताचे वाईट, म्हणजे कातडीला मार खोलवर बसलाय. आता स्वतःच्या नडगीवरून बोट फिरवून बघा. पोटरीला मांस आहे, पुढच्या बाजूला कातडी आणि लगेच हाड. अशा ताणलेल्या कातडीला चीर दिली तर टाके घालताना कडा एकमेकींपर्यंत येत नाहीत. ओढून शिवल्या तर काळ्या पडतात, जखम उघडते, हाडाला लावलेली धातूची पट्टी दिसायला लागते. आणि जंतू एकदा धातूवर बसले की विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळासारखा थर धरतात. औषध वरून वाहून जातं, शेवाळ तिथेच. मग पट्टी काढा, हाड खरवडा, पुन्हा पहिल्यापासून.

पूर्वी सर्रास लगेच पट्ट्या बसवत आणि जखमा फार बिघडत. आधी बाहेरचा सळ्यांचा सांगाडा, सूज उतरल्यावर आत पट्टी, अशा दोन टप्प्यांत केलेल्या रुग्णांचे निकाल अमेरिकेतल्या सर्जनांनी १९९९ मध्ये छापले, तेव्हापासून ही वाट रुळली. तुम्ही नोकरीभर पावसात डांबर टाकू दिलं नाही. इतरांनी टाकलं, आणि इंदूरने ते रस्ते पाहिले. तेवढंच समजा.

नाना काकाचं आठवा. खंडवा रोडवर राजदूत घसरली तेव्हा मी बालवाडीत होतो. रात्री दोन वाजता डॉक्टर स्वतः आले, लगेच प्लेट टाकली, आणि अख्ख्या रामबागेत कौतुक झालं की बघा, सकाळसुद्धा होऊ दिली नाही. त्यानंतर मला आठवतो तो त्यांच्या ओसरीतला सॅव्हलॉनचा वास आणि काकू रोज पाण्यात उकळायची ती चिमटी. दोन वर्षं पू वाहत होता ना? त्या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही, त्या काळी पुष्कळ ठिकाणी असंच करत. पण "लगेच केलं म्हणून पाय वाचला" असं बाबा परवा म्हणाले, तेव्हा मला काकाचं ते एका बाजूने चिकटलेलं धोतर दिसत होतं.

माझ्याकडे रोज सकाळी एक डॉक्टर यायचा. मूळचा कोइमतूरचा. पायाखालच्या उशा बाजूला करायचा, टॉर्च घोट्याजवळ तिरकी धरायचा, पाऊल हळूच वर उचलायचा आणि म्हणायचा, आज नाही. तो कातडीवर सुरकुत्या शोधत होता. अकराव्या दिवशी दिसल्या, घोट्याच्या पुढच्या बाजूला, बारीक, आईच्या बोटांवर धुणं झाल्यावर पडतात तशा. त्याने बोटाने दाखवल्या आणि म्हणाला, उद्या. मला रडू आलं. दुखलं म्हणून नाही, उगीच.

सगळ्याच पायांना थांबवतात असंही नाही. शेजारच्या खाटेवर मोटारसायकलवाला मुलगा होता, त्याचं हाड कातडी फाडून बाहेर आलेलं. त्याला संध्याकाळी आणलं आणि त्याच रात्री ऑपरेशनला नेलं. उघड्या जखमेचं घड्याळ वेगळं. अँटिबायोटिक शिरेतून शक्यतो दुखापतीनंतर तासाभराच्या आत, जोराच्या अपघातात जखम धुऊन मेलेलं मांस काढणं १२ तासांच्या आत, शेण-गटाराची घाण गेली असेल किंवा रक्तपुरवठा तुटला असेल तर ताबडतोब, आणि वर कातडी-मांसाचं झाकण ७२ तासांत. हाडाचा आणि प्लास्टिक सर्जरीचा डॉक्टर टेबलाशी दोघं मिळून उभे. पूर्वी "सहा तासांच्या आत, नाहीतर संपलं" असा नियम होता. त्याचं मूळ १८९८ मध्ये एका जर्मन सर्जनने गिनीपिगांच्या जखमांत बागेतली माती घालून केलेल्या प्रयोगात आहे! आता म्हणतात, मध्यरात्री दमलेल्या हातांपेक्षा सकाळी जाणकार हात बरे, पण औषधाला उशीर नको. आणि बाबा, अशा उघड्या जखमांना गुण देऊन पाय वाचेल का ते ठरवायची एक पद्धत कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलची आहे, डॉ. राजशेखरन यांची. माझ्या डॉक्टरने छाती फुगवून सांगितलं. म्हणजे "गोऱ्यांना काय कळतं" हाही मुद्दा बाद.

आता इथली एक गंमत. कार्डं. इथे माणूस आजारी पडला की लोक भेटायला येत नाहीत, कार्ड पाठवतात. दुकानात त्यांची अख्खी भिंत असते आणि प्रकार ठरलेले: लवकर बरे व्हा वेगळं, ऑपरेशनला शुभेच्छा वेगळं, नवीन घर वेगळं, कुत्रा वारला त्याचंही वेगळं. आत दोन ओळी छापलेल्या असतात. पाठवणारा खाली फक्त नाव लिहितो, फार प्रेम असेल तर एक फुली काढतो. ती फुली म्हणजे मुका, घाबरू नका. मग दाराला जी फट असते तीतून कार्ड आत ढकलायचं आणि बेल न वाजवता निघून जायचं. मिळालेलं कार्ड खिडकीत उभं करायचं, म्हणजे रस्त्यावरून दिसतं. ते किती दिवस ठेवायचं याचेही काही नियम असावेत, कारण मी एक काढून पुस्तकात ठेवलं तर घरात राहणारा मित्र म्हणाला, इतक्यात? शिवाय कार्डाबद्दल आभाराचं कार्ड. शेजारच्या आजींची तीन आली: पडल्याचं, ऑपरेशनचं, घरी आल्याचं. तिन्हींवर "सॉरी". बिचाऱ्या खिडकीतून बघतात, पण मला त्रास होईल म्हणून आत येत नाहीत. रामबागेत एव्हाना माझ्या खाटेवर सहा जण बसले असते, एकाने पोहे आणले असते, एकाने हळद सांगितली असती आणि एकाने प्लास्टरवर टकटक करून बघितलं असतं. मला वीट आला असता. तरी यावेत असं वाटतं.

आई, पुढचं वाचून पाच मिनिटं थांब, मग फोन कर. डॉक्टरांनी पहिल्याच रात्री विचारलं, सिगारेट ओढता का. मी हो म्हणालो. दिवसाला चार-पाच, इथे आल्यापासून. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं, जंतूंचं फावतं आणि हाडही उशिरा जुळतं. १ तारखेपासून एकही नाही. सुरुवातीला सवय सुटावी म्हणून दंडावर निकोटिनची चिकटपट्टी लावून दिली होती. ते नऊ दिवस तुम्हाला फोन केला नाही, त्याचं एक कारण हेही होतं. तुम्ही विचारलं असतंत आणि मी खोटं बोललो असतो.

बाकी ठीक. टाके कोरडे आहेत, ताप नाही, लाली नाही. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात रोज एक सुई मीच टोचून घेतो. तीन महिने पाय टेकायचा नाही. जेवणाचं मित्र बघतो. त्याच्या वरणाबद्दल काही लिहीत नाही.

खर्चाचं बाबांनी चार वेळा विचारलंत. हॉस्पिटलने एक पैसा घेतला नाही. व्हिसाच्या वेळी दरसाल १०३५ पाउंडांप्रमाणे आगाऊ भरले, तेव्हा तुम्ही "हा जिझिया कर" म्हणाला होतात, तो वसूल झाला. मात्र ऑफिस पूर्ण पगार एकच महिना देणार, पुढे अर्धा. म्हणून चिऊच्या लग्नासाठी कबूल केलेले चार लाख एकदम जमणार नाहीत. अडीच या आठवड्यात टाकतो, कार्यालयाचे आणि केटररचे त्यातून द्या. उरलेले मार्चपर्यंत. एफडी मोडू नका.

लग्नाची तारीख पुढे ढकलायची भाषा कोणीही करायची नाही, विशेषतः चिऊने. सहा आठवड्यांच्या एक्स-रेनंतर विमानाचं विचारतो. आत्ता डॉक्टर नुसती मान हलवतात, आणि ती मान कशी हलली ते मला कळतं. नाही जमलं तर तिच्या मागे मामाच्या शेजारी कोण उभं राहणार ते ठरवून ठेवा. लाह्या द्यायला भाऊ लागतो ना, नाना काकाचा मुलगा चालेल. त्याला तुम्हीच सांगा, माझ्याने होणार नाही.

आणि ते ग्वाल्हेरचं स्थळ. पायाचं त्यांना आत्ताच सांगून टाका, प्लेटचं, स्क्रूंचं, पुढे घोटा जरा आखडू शकतो तेही. लपवू नका. हे मी सांगतोय म्हणून हसू नका. सिगारेटचं मी मुलीशी स्वतः बोलेन.

चिऊला आशीर्वाद, आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू

ता. क. कोणी येणार असेल तर जीरावण मसाल्याची दोन पाकिटं द्या. इथले पोहे जाड मिळतात, पण जीरावण असलं की रविवार सकाळचं थोडंफार जमतं.