गुजरीत पोत ओवायला आलेल्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, फोन नंबरही घेतला नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

श्रावणातल्या शुक्रवारी कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेऊन तुम्ही गुजरीत माझ्या दुकानात पोत ओवायला बसला होता. माझी मण्यांची मोजणी तीनदा चुकली. "काय झालंय?" एवढंच तुम्ही विचारलंत, आणि मी ट्रेखालचा कागद काढून तुमच्या हातात दिला.

माझ्या मुलाचा आणि नातवाचा डीएनए रिपोर्ट. कुणीतरी कान भरले आणि मुलानं एका खाजगी लॅबमधून तो करून आणला. डीएनएतल्या १५ जागा तपासल्या, त्यातल्या १४ जुळल्या, एक नाही. तेवढ्यावरून सून लेकराला घेऊन गडहिंग्लजला माहेरी गेली. मी दारातच होते, पण "थांब" म्हणाले नाही.

तुम्ही ती ओळ बोटानं धरलीत. जागेचं नाव डी१८एस५१. मुलाचे आकडे १४ आणि १७, नातवाचे १५ आणि १८. "हे मणीच समजा," म्हणालात. त्या जागी ए-जी-ए-ए ही चार अक्षरं परत परत ओवलेली असतात, ती किती वेळा आली तो आकडा. लेकराला एक सर आईकडून मिळते, एक बापाकडून. बापाच्या अंगात बीज सारखं नव्यानं तयार होतं, दरवेळी सर नव्यानं ओवली जाते, कधी एखादा मणी जास्त पडतो. एका जागी हजारात एक-दोनदा. पण १५-२० जागा तपासल्या, की शंभरातल्या दोन-तीन सख्ख्या बापलेकांतही असा फरक निघतो. बाप दुसरा असता तर एकाच जागी नाही, कितीतरी जागी बिघडलं असतं.

चाळीस वर्षं मी हेच करतेय. एक मणी जास्त पडणं काय असतं, हे मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

"आणि आईचा नमुना घेतलाच नाही?" हे विचारताना तुमचा आवाज चढला होता. तो राग मला फार बरा वाटला. या सगळ्यात सुनेच्या बाजूनं चिडलेलं पहिलं माणूस तुम्हीच, आणि तुम्ही तर घरच्याही नव्हता.

मी गडहिंग्लजला गेले. सून नमुना द्यायला तयार झाली, हे तिचं मोठेपण. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेताना तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. या वेळी दुसरीकडं, २३ जागा तपासल्या. त्या जागी तिचे आकडे १३ आणि १५. म्हणजे नातवातले १५ तिचे, आणि १८ माझ्या मुलाच्या १७ वर एक मणी जास्त. बाकीच्या २२ जागा जुळल्या.

मुलानं माफी मागितली, मीही मागितली. सून गौरीला घरी आली. माझ्याशी अजून मोजकंच बोलते.

तुमच्या पोतीची मजुरी मी त्या दिवशी घेतली होती, ती रुखरुख आहे. देवीला आलात की दुकानात या. ते पैसे वेगळे काढून ठेवलेत.